मागच्या सीटवरचा कौल

“मागं बसून बघितलंस काय गो?” सासूबाईंनी एवढंच विचारलं होतं. आणि सून हातातला मोबाईल खाली न ठेवता म्हणाली होती, “आई, मागं काय बघायचंय? सगळं वाचलंय मी.”

मंडळी, ऐका. आजचं आख्यान या एवढ्याशा बोलण्यातनं उगवलेलं आहे. राजाचं नाही, ऋषीचं नाही. गाडीचं आहे. दोन गाड्यांचं म्हणा — दोन्ही विजेवर चालणाऱ्या, दोन्ही उंच, ऐटबाज, शोरूमच्या काचेआड दिव्याखाली उभ्या. पेटीवाले भाऊ हसतायत. त्यांची डिझेलची आहे ना. हसा भाऊ, हसा. पण सूर सोडू नका.

तर प्रश्न काय आहे आजचा? ज्याची आपण काळजी करतो, त्याला आपण कधी विचारतो का?

सोपा वाटतो? मला तसा वाटत नाही. काळजी एकट्याला करता येते. भाजी चिरताना करता येते, बसमध्ये करता येते, डोळे मिटून अंथरुणात पडल्या पडल्या तर फारच छान करता येते. विचारायचं म्हटलं की समोर दुसरं माणूस लागतं. आणि ते जे सांगेल ते ऐकून घ्यायची तयारी लागते. तिथं आपली गाडी अडते. पेट्रोल असो की वीज.

रत्नागिरीत राहणारं हे साळवींचं कुटुंब. सून शलाका, तिचा नवरा अभिराम, त्यांची लेक इरा — नुकती बोलायला लागलेली — आणि अभिरामची आई, शैलजाबाई. शलाका शिकलेली, औषधशास्त्राची पदवी घेतलेली. गोळीच्या पाकिटावरची जी बारीक अक्षरं आपण फाडून फेकतो, ती वाचायची तिला सवय. आणि जेव्हापासून इरा झाली, तेव्हापासून ती सगळ्या जगाचीच बारीक अक्षरं वाचायला लागली. द्राक्ष द्यायचं तर उभं चिरून. प्लगच्या भोकांना टोपणं. टेबलाच्या कोपऱ्यांना स्पंज. पोर झोपलं की नाकापुढं बोट धरून श्वास बघायचा, आणि श्वास आहे म्हटल्यावर — बाई पुन्हा बघायची. माता मंडळी माना डोलावतायत. म्हणजे ही बाई तुमच्या ओळखीची आहे.

अशा बाईला गाडी घ्यायची. काय होईल?

अभिरामचं मत पहिल्या दिवशीच झालं होतं. निळी. निळी गाडी एका चार्जिंगमध्ये लांब जायची, वर काचेचं छत, पुढं पडदा केवढा तर सिनेमा लावावा. आणि अभिरामला सगळ्यात आवडली ती तिची एक खोड. ॲक्सिलेटरवरचा पाय उचलला की गाडी आपली आपणच आवरायची, ब्रेकला पाय लावायचं काम नाही. शिवाय आवरताना थोडी वीज परत बॅटरीत जायची. म्हणजे थांबता थांबता कमाई. अभिराम म्हणाला, “शलाका, एका पायानं चालते गं ही.”

शैलजाबाई आतनं म्हणाल्या, “मग दुसरा पाय घरी ठेवून जा. भाजी निवडायला होईल.”

दुसरी होती पांढरी. दिसायला साधी. एका चार्जिंगमध्ये कमी अंतर, म्हणजे लांबच्या प्रवासात वाटेत थांबणं आलं. पडदा लहान. पण एसीला, काचेला खरीखुरी बटणं. शलाकाला ती बटणं आवडली, कारण रस्त्यावरची नजर न काढता हात लावता येतो. अपघाताच्या परीक्षेत दोघींना सारखेच तारे. हल्ली तारे आकाशात कमी आणि गाड्यांवर जास्त.

झालं. सकाळी निळी, दुपारी पांढरी, दिवेलागणीला पुन्हा निळी. पाणी साचलं तर बॅटरीचं काय? घाटात चार्जिंग संपलं तर? इराची खुर्ची कुठल्या गाडीत घट्ट बसते? सल्ला द्यायला नातेवाईक होतेच. डोंबिवलीचे काका फोनवर म्हणाले, “विजेची घेताय? आणि वीज गेली म्हणजे?” शलाकानं समजावलं, “काका, बॅटरी असते.” काका म्हणाले, “बॅटरी आमच्या टॉर्चला पण होती.” काकांपुढं विज्ञान थांबतं.

एका रविवारी शोरूमवाल्यांनी निळी गाडी फिरवायला दिली. चौघं निघाली आरेवारेच्या रस्त्यानं. एका बाजूला समुद्र, आणि रस्ता असा, की सरळ जायचं त्याच्या मनातच नाही. अभिराम गाडी चालवतोय, शलाका त्याच्या शेजारी, आणि मागं इराची खुर्ची, तिच्या बाजूला आजी. शलाका दर वळणाला मान वळवून बघायची — इराचा पट्टा नीट आहे ना, इराच्या डोळ्यावर ऊन नाही ना, इरा घामेजली का. दर वळणाला. आणि आजी? आजी तिथंच होती, इराच्या हाताच्या अंतरावर. सुनेची नजर तिच्यावरनं जायची आणि यायची. जशी आपली नजर दाराच्या चौकटीवरनं जाते.

घरी आल्यावर अभिरामनं विचारलं, “काय आई? कशी वाटली?”

“छान आहे. आवाज करत नाही,” शैलजाबाई म्हणाल्या आणि न्हाणीघरात गेल्या. बराच वेळ नळ चालू होता. शलाका तेव्हा इराचे पाय पुसत होती.

पुढच्या रविवारी पांढरी आली. शैलजाबाई म्हणाल्या, “तुम्ही जा. मी घरी थांबते.” ही तिघं गेली. आल्यावर अभिरामनं पांढरीला नावं ठेवली, शलाकानं बटणांचं कौतुक केलं, आणि गाडी जिथल्या तिथं. मग एकदा जेवताना शैलजाबाई सहज म्हणाल्या, “यंदा शिमग्याला गावी देवीची ओटी तूच भर गो शलाका. मी इकडंच राहीन. झाडांना पाणी कोण घालील?”

आता मंडळी, तुम्ही कोकणातली. तुम्हाला शिमगा काय तो मी सांगायला नको. वर्षभर जी देवी देवळात बसते, ती शिमग्यात पालखीत बसून आपल्या दारी येते. मुंबईचा चाकरमानी नोकरी सोडील पण पालखी चुकवणार नाही. आणि शैलजाबाई लग्न होऊन आल्यापासून आपल्या दारात आपल्या हातानं ओटी भरणारी बाई. ती म्हणते, झाडांना पाणी कोण घालील! काय झाडं होती? एक तुळस, एक कोरफड. कोरफडीला कोण पाणी घालतं?

पण घरात कुणाच्या ध्यानात आलं नाही. अभिराम म्हणाला, “बरं.” शलाका मनात म्हणाली, वय झालं, दमतात. आणि पुन्हा दोन गाड्यांकडं वळली.

शेवटी अभिरामच वैतागून म्हणाला, “हे बघ, गावी जाऊ. वाघजाईला कौल लावू. देवी सांगेल ती घेऊ.” तो थट्टेत म्हणाला होता. शलाकानं ते खरं धरलं. काळजी करणाऱ्या माणसाला निर्णय दुसऱ्या कुणी घेतला तर हवाच असतो.

कौल तुम्ही जाणता. तरी मंडपात पाहुणे असतील, त्यांच्यासाठी सांगते. गुरव देवीच्या अंगावर दोन बाजूंना ओल्या पाकळ्या लावतो. प्रश्न घालायचा, हात जोडून उभं राहायचं. उजवीकडची पडली तर उजवा कौल, डावीकडची पडली तर डावा. लग्नं अशी ठरली, विहिरी अशा खणल्या. विजेची गाडी मात्र त्या देवळात पहिलीच.

घाटीत गाडीची परीक्षा होईल म्हणून जायला निळीच मागून घेतली. शैलजाबाई म्हणाल्या, “तुम्ही जा. माझं पोट जरा बरं नाही.”

“औषध देऊ?” शलाकानं विचारलं.

“नको. ओवा खाल्लाय.”

लांज्याच्या आत, घाटी चढून त्यांचं गाव. देवळात विश्राम गुरव. पाकळ्या भिजवून तयार. विचारलं, “हां, काय गाऱ्हाणं?”

अभिराम जरा लाजला. पण शलाकानं नीट सांगितलं, “दोन गाड्या आहेत काका. निळी घ्यायची असेल तर उजवा. पांढरी घ्यायची असेल तर डावा.”

विश्राम गुरव हसले नाहीत. देवळात सगळे प्रश्न सारखे. त्यांनी पाकळी उचलली, देवीकडं वळले आणि हात तसाच ठेवून मागं बघितलं. “शैलजावैनी खंय?”

“घरी आहेत.”

“आजारी?”

“नाही तशा. पोट जरा...”

गुरवांनी पाकळी परत वाटीत ठेवली. “मग आज कौल लागायचा नाय. घरातलं थोरलं माणूस हिंडतं-फिरतं असताना त्याला मागं ठेवून घरचा कौल आम्ही लावीत नाय. आमच्या देवळाची चाल आहे ती. वैनीला घेऊन या, मग इचारू.”

अभिराम म्हणाला, “अहो काका, गाडीचं आहे. जमिनीच्या वाटणीचं नाही.”

“जमीन असती तर दोघं येऊन चाललं असतं काय?”

“तसं नाही...”

“मग? त्या गाडीत वैनी बसणार ना? की तिला टपावर घेणार?” आणि पाकळ्यांवर ओलं फडकं टाकता टाकता म्हणाले, “शिमग्याला तरी येते ना ती? गेल्या साली पालखी दारात आली तर माझ्या आधी धावली होती.”

शलाकाला वाटलं, सांगावं — यंदा नाही येणार, झाडांना पाणी घालायचंय. तोंडापर्यंत आलं आणि देवीसमोर ते बोलताना तिचं तिलाच कसंसं झालं. ऐकताय ना मंडळी? घरात जेवताना जे पटलं होतं, ते देवळात उभं राहिल्यावर पटेना. देव बोलत नाही म्हणतात. बोलायची गरजच कुठं पडते?

परत निघाली. इरा रडायला लागली, आईच हवी म्हणून. तर शलाका मागं बसली. इराच्या खुर्चीशेजारी. आजीच्या जागेवर.

आणि बसल्या बसल्या तिच्या लक्षात आलं की आपले गुडघे वर आलेत. त्या गाडीची बॅटरी पायाखाली, त्यामुळं मागची जमीन उंच आणि सीट मात्र बुटकी. मांडीला खालनं आधार नाही. उकिडवं बसल्यासारखं. ही तिशीतली बाई, हिला एवढं जाणवलं. मग जिचे गुडघे जिना चढताना कटकट वाजतात तिला?

घाटी सुरू झाली. अभिराम खुशीत. वळण आलं, पाय उचलला — गाडी आवरली. वळण सरलं, पाय दाबला — गाडी उसळली. पुढच्या माणसाला रस्ता दिसतो, त्याचं अंग आधीच सावरून बसतं. मागच्याला काहीच कळत नाही. पुढं ढकललं गेलं की मागं, मागं टेकलं की पुढं. ताकाची रवी झाली हो तिची.

“अरे बघ, उतारावर चार्जिंग वाढतंय,” अभिराम म्हणाला.

“अभिराम, गाडी थांबव.”

“का? दोन टक्के वाढलं बघ...”

“थांबव म्हणते ना.”

करवंदीच्या जाळीशी ती वाकून उभी राहिली. जे व्हायचं ते झालं. इरा खिडकीतनं बघत होती. तिला मोठी गंमत. म्हणाली, “आई ओ केली. आज्जी पण ओ केली.”

अभिराम पाण्याची बाटली घेऊन आला होता, तो तिथंच थांबला. शलाकानं तोंड पुसलं आणि इराला विचारलं, “आज्जीनं कधी केली बाळा?”

“नळ होता ना,” इरा म्हणाली.

मृदंगवाले बुवा, जरा हात थांबवा. ही जागा बोलायची नाही.

उरलेली वाट अभिरामनं अशी हळू काढली की मागनं एसटी शिंग वाजवत पुढं गेली. शलाका मागंच बसली, मुद्दाम. नळाचा आवाज तिनंही ऐकला होता. पांढऱ्या गाडीच्या वेळचं “मी घरी थांबते” ऐकलं होतं. ओवा ऐकला होता. एक गोष्ट सांगा, तिचे कान बिघडले होते का? नाही. ज्या कानांना शेजारच्या खोलीत पोराचा श्वास बदललेला कळतो, ते कान बिघडलेले नसतात. एकाच दिशेला लावलेले असतात, एवढंच.

घरी आली तेव्हा शैलजाबाई ओट्याशी उभ्या. आमसुलाचं सार उकळत होतं. म्हणाल्या, “काय म्हणाली देवी? उजवा की डावा?”

“आई, तुम्हाला ती गाडी लागली ना?”

“कुठली? मला? छे गो. उभ्या जन्मात एसटीसुद्धा लागली नाही मला.”

“मला लागली. आज. तुमच्या जागेवर बसले होते.”

शैलजाबाईंनी गॅस बारीक केला. उगाच केला, सार आधीच बारीक आचेवर होतं. मग म्हणाल्या, “गुडघे छातीशी येतात. नाही?”

“येतात. मग बोलला का नाहीत?”

“काय बोलायचं? तू पोरीसाठी इतकं बघतेस. हे बघ, ते बघ, झोप नाही तुला. त्यात मी माझ्या गुडघ्यांचं तुणतुणं कुठं वाजवू? आणि अभ्याला ती निळी आवडलीय. लहानपणी त्याला साधी सायकल सुद्धा हवी त्या रंगाची मिळाली नव्हती. पोर माझी सुखरूप बसली की झालं. मी काय, मी घर राखीन.”

“आणि शिमगा? पालखी दारात येईल तेव्हा?”

शैलजाबाई सार ढवळत राहिल्या. “तू भरशील की ओटी. शिकवते तुला. खण कसा धरायचा, तांदूळ किती घालायचे...” आणि ढवळायचा डाव त्यांनी खाली ठेवला. म्हणाल्या, “त्या घाटीला मी भ्याले गो. देवीसमोर हिरव्यापिवळ्या चेहऱ्यानं कशी उभी राहू?”

मंडळी, एक बाई आपली देवी सोडायला निघाली होती. भांडून नाही, रुसून नाही. कोरफडीला पाणी घालायच्या निमित्तानं. आणि घरात तर सगळीच मायेची माणसं. कुणी छळ केला नाही. असं झालं की दोष कुणाला द्यायचा तेच कळत नाही बघा.

अभिराम दारात उभा होता. तो म्हणाला, “आई, सायकलचं मी कधीच विसरलो.”

“मी नाही विसरले.”

“आता विसर.”

पुढं काय? चौघं पांढरी बघायला गेली. या वेळी शैलजाबाई सगळ्यात आधी मागं शिरल्या. त्या टेकून बसल्या, पाय लांबवले, पुन्हा जवळ घेतले. शोरूममधली मुलगी म्हणाली, “काकू, पुढचा स्क्रीन बघा ना.” शैलजाबाई म्हणाल्या, “बघितला. तो काय गुडघ्याला लावायचाय?” मग म्हणाल्या, “हं. ह्यात माझे पाय माझ्याच जागी राहतात.” शेजारी शलाका बसली. अभिरामनं गाडी वळणावळणाच्या रस्त्याला काढली. ही गाडीही पाय उचलला की आवरायची, पण थोडी. आणि त्या मुलीनं दाखवलं की ते आवरणं आणखी कमी करता येतं, सगळ्यांत खाली आणून ठेवता येतं. अभिरामनं खाली आणलं. दोन टक्के गेले. जाऊ देत.

“वाटेत थांबावं लागेल हां आई चार्जिंगला,” तो म्हणाला.

“मग बरंच की. चहा होईल. तुमच्या त्या निळीत चहाची सोयच नव्हती.”

खरं सांगते, शलाकाला तेव्हाही काळजी वाटलीच. बॅटरी लहान, शिमग्याला चार्जिंगला रांग असली तर? काळजी कुठं जात नाही मंडळी. पण या वेळी ती शैलजाबाईंकडं वळून म्हणाली, “आई, मला जरा भीती वाटतेय. तुम्हाला काय वाटतं?” शैलजाबाई म्हणाल्या, “रांग असली तर रांगेत बसू. पोळ्या बरोबर घेऊ.” संपली भीती? नाही. पण दोघींत वाटली गेली.

नवी गाडी चाकाखाली लिंबू चिरडून पहिली निघाली ती घाटी चढून वाघजाईला. विश्राम गुरव पाकळ्या भिजवून बसलेले. “आली सगळी? हां, घाला आता गाऱ्हाणं. कुठली उजवी, कुठली डावी?”

शलाका म्हणाली, “काका, प्रश्नच राहिला नाही. गाडी बाहेर उभी आहे.”

गुरवांनी बाहेर डोकावून बघितलं, मग शैलजाबाईंकडं. “वैनी, घाटीत त्रास काय झाला नाय ना?”

“झोप लागली होती मला,” शैलजाबाई म्हणाल्या. “घाटी कधी आली तेच कळलं नाही.”

“मग नारळ ठेवा नि पाया पडा. पाकळ्यांचं मी बघतो, दुसरं कोण येईल.”

आणि शिमग्यात पालखी साळवींच्या दारात नाचत आली, तेव्हा दोन बायका पुढं झाल्या. खण सासूच्या हातात, तांदूळ सुनेच्या. सून तांदूळ जरा जास्तच घालत होती. सासू पुटपुटली, “पुरे गो, देवीला पालखीतनं चालायचंय.” 

मंडळी, आपण घरोघर निवड करत असतो. गाडीची असते, घराची असते, कुठल्या मजल्यावर राहायचं त्याची असते. वाचतो, विचारतो, ताडून बघतो. घरातल्या नाजूक जीवाला काय लागेल ते नीट बघतो, आणि ते बघायलाच हवं, त्यात काही चूक नाही. पण घरात एक माणूस असं असतं की ते काही मागत नाही. त्याचा त्रास होत नाही. आपण त्याला गुणी म्हणतो आणि पुढं जातो.

आता माझं एक मागणं आहे. बिदागी नको, हार नको, हे द्या. आज इकडं कीर्तनाला यायला निघालात, तेव्हा तुमच्या घरातलं कोण आलं नाही? नाव आठवा. काय कारण सांगितलं त्यानं? कंटाळा आला? मालिका बघायचीय? पाय दुखतोय जरासा? तुम्ही “बरं” म्हणालात आणि चप्पल घातलीत.

आरती झाली की प्रसादाची एक पुडी जास्तीची मागून घ्या. घरी जा. पंखा, टीव्ही काही लावायच्या आधी त्या माणसाच्या शेजारी जाऊन बसा. “कसं आहे?” असं विचारू नका. “बरं आहे” हे उत्तर त्याला पाठ असतं. पुडी हातात द्या आणि विचारा, “आज का नाही आलीस?” ते काहीतरी सांगून टाळील. तुम्ही उठू नका. आणखी एकदा विचारा, आणि ते बोलेपर्यंत तिथंच बसून राहा.